साठ पैशांची बोली

नाना गेल्यावर सहा महिन्यांनी वहिनींनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक बाहेर ओढली आणि मला निरोप पाठवला. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला शेजारीपाजारी एवढे एक काम हमखास मिळते. कुणाच्या घरी जुनी कागदपत्रे निघाली, की त्यात एखादी विसरलेली मुदतठेवीची पावती आहे का, हे पाहायला त्याला बोलावतात. मी चष्मा घेऊन गेलो. कुलूप काढले, वर अंथरलेले वर्तमानपत्र उचलले. आत पावती नव्हती की पासबुक नव्हते. होता तो वेताळ! त्याच्याखाली जादूगार मँड्रेक, त्याच्याखाली फ्लॅश गॉर्डन, मग बहादूर आणि पुन्हा वेताळ. ट्रंक तळापर्यंत इंद्रजाल कॉमिक्सने भरलेली होती.

नाना एस.टी.त कंडक्टर होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी किती गावांत रात्रीचे मुक्काम केले असतील, याचा हिशेब त्यांनाही नसेल, असे मला वाटत होते. तो हिशेब या ट्रंकेत होता. स्टँडवरच्या स्टॉलवरून एक अंक घ्यायचा, झोपण्यापूर्वी वाचायचा आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने गावाचे नाव नि तारीख घालायची, असा त्यांचा नेम दिसला. 'सांगोले, १४-६-७३.' 'चिपळूण. पाऊस. गाडी चार तास लेट.'

वहिनींनी विचारले, "भाऊजी, याचं काही येतं का हो?"

प्रश्नामागे कारण होते. त्यांच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दोनदा पुढे ढकलले गेले होते आणि मुलापुढे हात पसरायची त्यांची तयारी नव्हती. मुलाने फोनवर 'रद्दीत घाल' असे सांगून टाकले होते. रद्दीवाल्याने तागडी लावून एकशे साठ रुपये सांगितले. दोन दिवसांनी कुठून तरी कुणकुण लागून जुन्या पुस्तकांचा एक व्यापारी आला. त्याने ट्रंकेत पाच मिनिटे हात घातला आणि रोख चार हजार पुढे केले. वहिनी हरखल्या. मला मात्र शंका आली. पाच मिनिटांत चार हजार काढणारा माणूस सहाव्या मिनिटाला काय पाहणार होता? "आठ दिवस थांबा," असे मी त्यांना सांगितले आणि त्या आठ दिवसांत एका वेगळ्याच बाजाराची ओळख करून घेतली.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ च्या मार्च महिन्यात मुंबईत सुरू झाले. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीचे हे प्रकाशन. पहिला अंक वेताळाचा होता आणि किंमत होती साठ पैसे. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ साली मँड्रेक आणि १९३६ साली वेताळ जन्माला घातला. आपल्याकडे येताना वेताळाच्या राज्याचे नाव बदलून डेंकाली झाले आणि मूळ कथेतल्या 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला आणि एक अस्सल देशी नायक या पंक्तीत बसला. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली अशा अनेक भाषांत हे अंक निघत. १९९० साली ते बंद पडले. माझ्या पिढीने ते विकत घेऊन कमी आणि भाड्याने आणून जास्त वाचले. दहा पैसे दिले की दिवसभर वेताळ आपला. संध्याकाळपर्यंत आळीतल्या सहा मुलांच्या हातून फिरून तो परत जाई, तेव्हा त्याची अवस्था त्याने झोडपलेल्या चाच्यांसारखी झालेली असे.

आणि किमतीचे मर्म इथेच आहे. जे अंक आपण वाचून वाचून फाडले, ज्यांत भेळ बांधली गेली, दिवाळीच्या साफसफाईत जे आईने रद्दीवाल्याच्या हवाली केले, त्यांच्यामुळेच उरलेल्यांना भाव आला आहे. जुनेपणाने वस्तू महाग होत नाही. ती महाग होते इतरांनी टाकून दिल्यामुळे.

या व्यापाराची गंगोत्री अमेरिकेत आहे. सुपरमॅन प्रथम ज्यात अवतरला तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १९३८ साली दहा सेंटना मिळत होता. सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्या. आज त्यांतल्या शंभरेक उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या मुलांनी वाचल्या, आयांनी टाकल्या आणि दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत लगद्यात गेल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये यातली एक अत्यंत सुस्थितीतली प्रत ईबे या संकेतस्थळावर लिलावाला आली. पहिली बोली ठेवली होती नव्याण्णव सेंट. दहा दिवसांनी लिलाव थांबला तो ३२ लाख ७ हजार ८५२ डॉलरवर, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेएकोणीस कोटी रुपयांच्या घरात. आणि सुपरमॅन निर्माण करणाऱ्या जेरी सीगेल आणि जो शूस्टर या दोन तरुणांना त्याच्या हक्कांचे किती मिळाले होते? दोघांत मिळून १३० डॉलर. गंमत म्हणजे, ती रक्कम ज्या ४१२ डॉलरच्या धनादेशात होती, तो धनादेशच २०१२ साली ऑनलाइन लिलावात एक लाख साठ हजार डॉलरना गेला! बँकेत इतकी वर्षे काढूनही वटलेल्या चेकला त्याच्या रकमेपेक्षा जास्त पैसे मिळाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

सगळ्याच आया रद्दीवाल्याला शरण गेल्या असे मात्र नाही. कॅलिफोर्नियात तिघा भावांना आपल्या दिवंगत आईच्या माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली काही कॉमिक्स सापडली. आपल्याकडे मोलाची कॉमिक्स आहेत असे ती माउली सांगत असे, पण ती कुणी पाहिली नव्हती. त्यांत १९३९ च्या 'सुपरमॅन'चा पहिला अंक होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ९१ लाख २० हजार डॉलरना विकला गेला. आपले सुमारे ऐंशी कोटी रुपये. वहिनींना मी ही हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी प्रथम माळ्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

अशा कथा ऐकल्या की आपणही आजपासून कॉमिक्स साठवावीत असे वाटू लागते. तसे वाटण्याचा एक मोठा रोग अमेरिकेत येऊन गेला आहे. १९९० च्या सुमारास जुन्या कॉमिक्सचे भाव वर्तमानपत्रांत झळकू लागले आणि लोक नवी कॉमिक्स गुंतवणूक म्हणून घेऊ लागले. १९९१ साली 'एक्स-मेन'चा एक पहिला अंक ऐंशी लाखांवर खपला. १९९२ साली सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला, तो काळ्या पिशवीत बंद करून. एकेकाने पाच-पाच, दहा-दहा प्रती घेतल्या आणि पिशवी न फोडता कपाटात ठेवल्या. मुलांच्या शिक्षणाची सोय झाली म्हणे! पण जी वस्तू लाखो लोकांनी जपून ठेवली, ती दुर्मिळ होणार कशी? बाजार कोसळला, हजारो दुकाने बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुपरमॅन पुढे जिवंत झाला. त्या गुंतवणुकीत मात्र पुन्हा प्राण आला नाही.

आता हा लिलाव चालतो कसा, तेही थोडे पाहू. ईबे १९९५ साली पिएर ओमिड्यार या तरुणाने सुरू केले. तोवर जुनी कॉमिक्स विकायची तर दुकानदाराच्या दारी जावे लागे आणि तो देईल ते घ्यावे लागे. आता खेड्यातल्या विकणाऱ्याला जगाच्या दुसऱ्या टोकाचा घेणारा भेटू लागला. ईबेवर आपण आपली कमाल बोली यंत्राला गुपचूप सांगून ठेवायची. समजा, मी तीन हजार सांगितले आणि दुसऱ्या कुणाची धाव अठराशेपर्यंतच असली, तर मला तीन हजार पडत नाहीत. अठराशेच्या वर एक पायरी, म्हणजे अठराशे पन्नास वगैरे पडतात. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली अशा लिलावाचे गणित मांडले. त्याने दाखवले, की इथे खोटे बोलण्यात फायदा नाही. वस्तूची आपल्या मनातली खरी किंमत सांगणे हेच शहाणपणाचे. त्याला १९९६ साली नोबेल जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी तो वारला. पण तिकिटांचे व्यापारी टपालाने चालणाऱ्या लिलावांत ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरत होते. म्हणजे हे शहाणपण छंदिष्टांना आधी सुचले आणि पंडितांना मागाहून.

तरी माणूस माणूसच. घड्याळाच्या काट्यावर संपणाऱ्या लिलावात पुष्कळ जण दहा दिवस गप्प बसतात आणि शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात. समोरच्याला विचार करायला वेळच मिळू नये म्हणून. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोघांनी २००२ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲमेझॉन त्या काळी लिलाव चालवत असे आणि शेवटच्या मिनिटांत बोली आली तर मुदत वाढवत असे. तिथे ही अखेरची झडप ईबेपेक्षा बरीच कमी आढळली. एका नियमाने माणसाचे वागणे किती बदलते, याचा हा सुरेख दाखला आहे.

दुसरा भाग प्रतीच्या अवस्थेचा. सोन्याला कस तसा कॉमिक्सला दर्जा. सी.जी.सी. नावाची अमेरिकन संस्था २००० सालापासून कॉमिक्स तपासून अर्धा ते दहा असे गुण देते आणि प्रत पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमची बंद करते. पिना गंजल्या आहेत का, पाने पिवळी पडली का, घडी मोडली का, कडा कापल्या आहेत का, सगळे पाहतात. रंग भरून किंवा डिंक लावून प्रत सजवलेली असेल, तर तिला वेगळ्या रंगाची चिठ्ठी लागते आणि भाव खाली येतो. हे आवश्यकच आहे, कारण फसवणुकीला इथे तोटा नाही. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाचीच १९७४ साली मोठ्या आकारात पुनर्मुद्रित प्रत निघाली होती. तिचे बाहेरचे वेष्टन काढले की आत हुबेहूब १९३८ चे मुखपृष्ठ! कित्येकांनी ते वेष्टन फाडून ती अस्सल म्हणून खपवली. फक्त पट्टी लावून पाहिली असती, तर घेणारा वाचला असता. पण हाव सुटली की माणसाच्या हातून पहिल्यांदा पट्टीच सुटते. आणि ही पेटीही मोठी विचित्र गोष्ट. मुलांनी वाचावे म्हणून काढलेला अंक आता कुणालाच वाचता येऊ नये, यातच त्याचे मोल!

इतके समजल्यावर मी पुन्हा वहिनींच्या ट्रंकेकडे वळलो. एकूण अंक तीनशे. त्यांतले दोनशे सोळा नानांनी आठ-आठचे गठ्ठे करून बाइंडरकडून बांधून घेतले होते. किती प्रेमाने! जाड पुठ्ठा, कापडी पाठ, कडा यंत्राने एकसारख्या कापलेल्या. प्रेमानेच घात केला. कडा कापलेला अंक संग्राहकाच्या लेखी जवळजवळ बाद. उरले चौऱ्याऐंशी सुटे. व्यापाऱ्याचे हात पाच मिनिटे कुठे फिरत होते, ते आता मला उमगले.

ईबेचा भारतातला बाजार २०१८ मध्ये बंद झाला. आता आपल्याकडे संग्राहकांचे गट मोबाइलवर आपापसांत लिलाव चालवतात. ओळखीच्या एका मुलाने मला अशा गटात घेतले. रविवारी सकाळी फोटो टाकायचे, रात्री नऊला बोली बंद. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली वाढवली तर आणखी पाच मिनिटे. ॲमेझॉनचाच जुना नियम! पैसे फोनवरून, अंक स्पीड पोस्टने. मी प्रत्येक अंकाची पुढची, मागची आणि शेवटच्या पानाची छायाचित्रे काढली. तिथेच प्रश्न उभा राहिला तो पेन्सिलीचा.

व्यापाऱ्याचा पुन्हा फोन आला होता. बोलता बोलता त्याने वहिनींना फुकटचा सल्ला दिला, "आजी, ते लिहिलेलं खोडरबरानं पुसा. भाव दुप्पट होईल." सल्ला व्यवहाराचा होता. अंकावरचे लिखाण हा बाजारात दोष आहे. पण पुसलेला कागद तिरक्या उजेडात धरला की खरवड दिसते आणि ती लपवून विकणे ही सरळ फसवणूक. मी ते वहिनींना सांगितले. त्यांना माझ्या नीतिकथेची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, "पुसायचं कशाला? छत्तीस वर्षं हा माणूस रात्री कुठे होता, ते मला आज कळतंय."

दोन संध्याकाळ आम्ही बसलो. मी मोठ्याने वाचत गेलो आणि वहिनींनी उजव्या डोळ्याच्या भरवशावर मोठ्या अक्षरांत एका वहीत उतरवून घेतले: गाव, तारीख, शेरा. एके ठिकाणी त्या थांबल्या. 'मेढा, २-११-७६. पत्र आले.' त्या तारखेच्या आठवड्यात त्यांचा मुलगा माहेरी जन्मला होता. तो अंक त्यांनी बाजूला ठेवला. उरले त्र्याऐंशी. लिलावात मी स्पष्ट लिहिले: शेवटच्या पानावर पेन्सिलीचे लिखाण आहे, पुसलेले नाही. भाव पडला तो पडलाच. लिखाणावर जीव टाकून दुप्पट बोली लावणारा कुणी दर्दी पुढे आला नाही. तसे कथेत होते.

एक कबुली इथे द्यायला हवी. त्या चौऱ्याऐंशींत एक अंक असा होता, की जो मी लहानपणी शेवटची दोन पाने फाटलेल्या अवस्थेत वाचला होता. वेताळ त्या गुहेतून सुटतो कसा, हे मला पन्नास वर्षे ठाऊक नव्हते. ट्रंकेशेजारी बसून मी ती दोन पाने वाचून काढली. कोडे सुटले. तरी अंक हवासा वाटतच राहिला! तेव्हा संग्राहक म्हणजे काय हे मला नीट कळले. त्याला गोष्ट नको असते, त्याला तो तिसऱ्या इयत्तेतला स्वतः परत हवा असतो. मी शंभराची नोट पुढे केली असती, तर वहिनींनी "घ्या हो भाऊजी, पैसे कसले?" म्हणून तो माझ्या हातात दिला असता. पण आमच्या बँकेत तारण ठेवलेले सोने लिलावाला निघे, तेव्हा लिलाव चालवणाऱ्याने बोली लावायची नाही, असा दंडक होता. त्याचे कारण साधे. ज्याला वस्तूची किंमत ठाऊक आहे आणि ज्याच्या हातात ती विकायचे काम आहे, तोच घेणारा झाला, तर विकणाऱ्याच्या बाजूने कुणीच उरत नाही. व्यापाऱ्यावर माझा राग होता तो एवढ्याच मुद्द्यावर. मग मी वेगळा कसा? तो अंक नागपूरच्या एका डॉक्टरांनी एक हजार नऊशे पन्नासला घेतला. शेवटची दहा मिनिटे मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दिला होता.

तीन रविवारांत त्र्याऐंशी अंक गेले. टपालखर्च वजा जाता सदतीस हजार चारशे रुपये वहिनींच्या खात्यात जमा झाले. कोटींच्या कथांपुढे ही रक्कम काहीच नाही. पण चार हजारांपुढे ती नऊपटीहून जास्त आहे आणि रद्दीपुढे तर विचारायलाच नको. फरक पडला तो लिलावाच्या जादूने नव्हे. आपल्या हातात काय आहे हे विकण्यापूर्वी आठ दिवस थांबून पाहिले, आणि एकाच माणसाऐवजी चाळीस माणसांना विचारले, इतकेच. हे घर विकताना, जमीन विकताना, आजीची पाटली मोडतानाही लागू आहे. ज्याला घाई असते, त्याच्या वस्तूची किंमत नेहमी दुसराच ठरवतो.

बांधलेले सत्तावीस गठ्ठे कुणी घेतले नाहीत. एकाने गठ्ठ्याला शंभर देऊ केले, ते वहिनींनी नाकारले. डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले. महिन्याभराने मी चौकशीला गेलो, तर त्या खिडकीशी बसून त्यातलाच एक गठ्ठा वाचत होत्या. नानांच्या हयातीत त्यांनी या पुस्तकांना कधी हात लावला नव्हता.

"भाऊजी," त्यांनी मान वर करून विचारले, "हा वेताळ चारशे वर्षं मरत कसा नाही हो?"

मी म्हटले, "मरतो, वहिनी. पण बाप गेला की मुलगा त्याचा पोशाख घालतो आणि काम पुढे चालवतो. लोकांना वाटतं, तोच आहे."

वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी कपाटातून मेढ्याचा तो सुटा अंक काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"यावर पुण्याचा पत्ता घाला," त्या म्हणाल्या. "रद्दीत घाल म्हणाला होता ना? त्यालाच पाठवते. बघू दे शेवटचं पान."